अँड्र्यू मीकल, त्याचे मळणी यंत्र आणि खळ्यावरची माणसे

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)

औद्योगिक क्रांती म्हटले की आपल्याला जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन आठवते, फार तर सूत कातण्याची यंत्रे आठवतात. पण त्याच काळात शेतकऱ्याच्या खळ्यावर जी उलथापालथ झाली, तिच्याबद्दल मराठीत फारसे बोलले जात नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

अँड्र्यू मीकल हा स्कॉटलंडमधील ईस्ट लोदियन परगण्याचा मिलराइट, म्हणजे पाणचक्क्या आणि पवनचक्क्या उभारणारा, त्यांची लाकडी दंतचक्रे घडवणारा आणि त्या अडल्या की सोडवणारा कारागीर. जन्म १७१९ चा, मृत्यू १८११ मधला. ईस्ट लिंटन गावाजवळची हूस्टन मिल हेच त्याचे घर आणि हीच त्याची कार्यशाळा. १७६८ मध्ये त्याने रॉबर्ट मॅकेल यांच्या जोडीने धान्य साफ करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, १७७२ मध्ये पवनचक्कीसाठी नव्या धर्तीची पाती काढली आणि १७८६ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास, चालणारे मळणी यंत्र उभे केले. त्याचे इंग्लंडमधील पेटंट १७८८ चे आहे.

मला दोन प्रश्न पडले आहेत. पहिला असा की मळणीचे यंत्र करण्याचा प्रयत्न त्याच्याआधी किमान तिघाचौघांनी केला होता. मग त्याला संशोधक म्हणावे, की दुसऱ्यांचे अर्धवट राहिलेले काम तडीस नेणारा कसबी कारागीर म्हणावे? दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. हाताने झोडून मळणी करणे हा युरोपातील शेतमजुराचा हिवाळ्यातला मुख्य रोजगार होता. हे यंत्र आले आणि पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दक्षिण इंग्लंडमध्ये मजुरांनी हीच यंत्रे फोडली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर मांडाव्यात का?

यंत्रवेडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे, म्हणून ते आधी पाहू.

मायकेल मेंझीस नावाच्या स्कॉटिश वकिलाने १७३४ मध्ये जे पेटंट घेतले, त्यात पाणचक्कीच्या जोरावर अनेक झोडपणी (कणसे झोडण्याच्या काठ्या) एकाच वेळी आपटण्याची कल्पना होती. माणूस जे हाताने करतो तेच यंत्राकडून करून घ्यायचे, एवढाच त्याचा विचार. आपटून आपटून ती झोडपणीच मोडू लागली. त्यानंतर १७५८ च्या सुमारास डनब्लेनजवळच्या मायकेल स्टर्लिंग या शेतकऱ्याने उभ्या दांड्याला आडवे हात बसवून ते एका पिंपात फिरवले. कल्पना सुधारली, पण ती सर्व धान्यांना चालेना. पुढे नॉर्थम्बरलंडमध्ये धान्य रुळांखाली रगडून दाणे सुटे करण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात दाणेच चिरडले गेले. सर फ्रान्सिस किनलॉक यांनी त्याच धर्तीचे एक छोटे यंत्र करून मीकलच्या चक्कीवर चालवून पाहण्यासाठी पाठवले. पाण्याच्या जोराने फिरवताच ते मोडून पडले.

मीकलने रगडणे सोडले आणि हाताची नक्कलही सोडली. त्याने एक भक्कम आडवा ड्रम घेतला, त्याच्या परिघावर आडव्या पट्ट्या घट्ट जखडल्या आणि तो प्रचंड वेगाने फिरवला. पेंढी दोन खाचेदार रुळांच्या चिमटीतून हळूहळू आत जाते, म्हणजे काडाचा बुंधा रुळांनी धरून ठेवलेला असतो आणि कणसावर पट्टीचा फटका बसतो. दाणा दाबाने नव्हे, वेगाने सुटतो. ज्याने जोर लावायचा सोडून वेग धरला, तो माझ्या मते नुसता जोडकाम करणारा नाही.

गावठी_गणू

सदुसष्टाव्या वर्षी मळणी यंत्र! आमच्याकडे त्या वयात माणूस नातवाच्या मोबाईलचा आवाज कमी करण्याचे बटण शोधत बसतो.

वऱ्हाडी_बाई

ज्यांनी बैलांची मळणी पाहिलेली नाही, त्यांना या यंत्राने नेमके काय वाचवले हे कळणार नाही, म्हणून थोडे लिहिते. आमच्या माहेरी गव्हाचे आणि ज्वारीचे खळे असे. जमीन चोपून, शेणाने सारवून तयार केलेल्या खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधलेली आणि बैलांच्या तोंडाला मुसकी. बैल गोल गोल फिरत, मागून कुणीतरी काड उलटवत जाई. मळून झाले म्हणजे काम संपले असे मुळीच नसे, कारण खरा खोळंबा उफणणीला होई. वावडीवर उभे राहून सुपातून धान्य सोडायचे, आणि वारा पडला की सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचे. आजी वाऱ्याला हाका मारी. कधी कधी रात्री उशिरा वारा सुटे, मग उठून कंदिलाच्या उजेडात उफणायचे.

तुमच्या मीकलने दाणा काडापासून सोडवला खरा, पण भुशाचे काय केले? तेही यंत्रच करी का?

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)

वऱ्हाडी_बाई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण उफणणीची गोष्ट मीकलच्या बापापासून सुरू होते. साल्टनच्या फ्लेचर घराण्याने १७१० मध्ये जेम्स मीकल या कारागिराला हॉलंडला पाठवले. सातूचे टरफल काढून तो रांधण्याजोगा करण्याची डच पद्धत शिकून यावे, हा हेतू होता. तो ती चक्की तर शिकून आलाच, शिवाय हाताने फिरवायच्या पंख्याने धान्य उफणण्याचे यंत्रही घेऊन आला. हा जेम्स म्हणजे अँड्र्यूचा पिता. स्कॉटलंडमधील काही कर्मठ मंडळींना हे यंत्र मुळीच रुचले नाही, असे सांगतात. देव वारा पाठवील तेव्हा उफणावे, माणसाने स्वतः वारा निर्माण करणे हा सैतानी उद्योग आहे, असे त्यांचे म्हणणे.

पुढे अँड्र्यूच्या मळणी यंत्रालाही ड्रमच्या मागे काड हलवून पुढे सरकवणारे दाते आणि खाली हा पंखा जोडला गेला. एका टोकाने पेंढी आत आणि दुसऱ्या टोकाने उफणलेले धान्य बाहेर, अशी साखळी त्यातून तयार झाली.

निवांत

वाऱ्याला हाका मारणारी आजी त्या कर्मठांच्या बाजूची म्हणायची की मीकलच्या?

वऱ्हाडी_बाई

पुढे घरात हाताने फिरवायचा उफणणी पंखा आला, तेव्हा तो सर्वांत आधी आजीनेच फिरवला, यावरून तुम्हीच ठरवा.

फोर्थकाठचा_मराठी

मी एडिनबरात राहतो आणि ईस्ट लिंटन येथून आगगाडीने फार लांब नाही, म्हणून जे पाहिले ते लिहितो. टाइन नावाच्या छोट्या नदीवर (न्यूकॅसलची टाइन वेगळी) प्रेस्टन मिल ही जुनी पाणचक्की आहे. तिच्या धान्य वाळवण्याच्या भट्टीचे लाल कौलांचे शंकूसारखे छप्पर लांबूनच ओळखू येते. स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने ती जतन केली असून तिचे चाक आजही फिरवून दाखवतात. हूस्टन मिल तिथून जवळच आहे.

प्रेस्टनकर्कच्या चर्चच्या आवारात मीकलची समाधी आहे. तिच्यावरील मजकुरात त्याच्या कारागीर घराण्याचा उल्लेख आहे आणि त्याचे मळणी यंत्र वेग व पक्क्या बसवलेल्या पट्ट्या या तत्त्वावर रचले आहे असे स्पष्ट कोरले आहे. यंत्रवेडा यांनी वर जे सांगितले तेच तिथे दगडात आहे. समाधीवर यंत्राचे तत्त्व लिहिलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट. ईस्ट लोदियनच्या शेतांमधून फिरताना जुन्या शेतवाड्यांना लागून विटांची उंच धुराडी दिसतात. नवख्या माणसाला तिथे एखादा कारखाना असावा असे वाटते. ती वाफेच्या इंजिनांची धुराडी आहेत आणि ती इंजिने प्रामुख्याने मळणी यंत्र फिरवण्यासाठी बसवली होती. जिथे पाणी नव्हते आणि वाफही परवडत नव्हती, तिथे कोठाराला लागून गोल किंवा अष्टकोनी छपराची खोली बांधत आणि तिच्यात घोडे गोल फिरवून यंत्र चालवत. म्हणजे पात तीच राहिली, फक्त घोडे धान्यावरून न चालता दांड्याभोवती चालू लागले.

गतिचक्र

पवनचक्कीच्या पात्यांबद्दल कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या वाचनाप्रमाणे, वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीचे डोके आपोआप वळवणारे मागचे छोटे पंखचक्र हेही मीकलचेच. तसे असेल तर चक्कीच्या इतिहासात त्याचे स्थान मळणीहून मोठे मानावे लागेल.

यंत्रवेडा

गतिचक्र, पंखचक्राचे श्रेय अनेक ठिकाणी मीकलला दिलेले आढळते, परंतु त्याचे पेटंट एडमंड ली यांच्या नावे १७४५ मध्येच नोंदवले गेले आहे, त्यामुळे तो मान त्यांनाच द्यायला हवा. मीकलचे काम दुसरे आहे आणि तेही तितकेच सुंदर आहे.

पूर्वीच्या पात्यांवर लाकडी जाळी असे आणि तिच्यावर कापड पसरत. वारा वाढला की कापड गुंडाळून कमी करावे लागे, आणि त्यासाठी चक्की थांबवून एकेक पाते खाली आणून, त्याच्यावर चढून हे काम करावे लागे. वादळ अचानक आले तर चक्की थांबवणेच अवघड. ब्रेकच्या घर्षणाने ठिणग्या उडून लाकडी चक्क्या जळत. मीकलने १७७२ मध्ये कापडाऐवजी बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या झडपांची रांग बसवली, जशा आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असतात. सगळ्या झडपा एका दांड्याने जोडलेल्या आणि तो दांडा स्प्रिंगने ताणलेला. वाऱ्याचा झोत स्प्रिंगच्या ताणापेक्षा जास्त झाला की झडपा उघडतात, जादा वारा आरपार निघून जातो आणि झोत ओसरला की त्या पुन्हा मिटतात.

उणीव एवढीच की स्प्रिंगचा मूळ ताण बदलायचा तर प्रत्येक पात्यासाठी चक्की थांबवावी लागे. ती अडचण विल्यम क्युबिट यांनी १८०७ मध्ये दूर केली. त्यांनी पोकळ दांड्यातून सळई नेऊन, चालू चक्कीत खालून साखळीने सर्व झडपा एकदम हलवण्याची सोय केली. पण झडपांची मूळ कल्पना मीकलची.

डेलावेअरकर

धाग्याचा रोख मळणीकडे असला तरी पिठाच्या बाबतीत मीकलला फार वर चढवू नये असे मला वाटते. मी इथे अमेरिकेत डेलावेअर राज्यात राहतो, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. ऑलिव्हर एव्हान्स या गृहस्थाने इथल्या रेड क्ले क्रीक या ओढ्यावर १७८० च्या दशकात अशी पाणचक्की उभारली की धान्य गाडीतून उतरल्यापासून पीठ पिंपात पडेपर्यंत मधे माणसाने काही उचलायचेच नाही. पट्ट्यावरच्या छोट्या बादल्या धान्य वरच्या मजल्यावर नेत, फिरता मळसूत्री दांडा ते आडवे सरकवी आणि गरम पीठ पसरून गार करण्याचे काम पूर्वी एक पोरगा दाताळ्याने करी, तेही एक फिरते दाताळे करू लागले. १७९० मध्ये त्याला अमेरिकेचे तिसरे पेटंट मिळाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९१ मध्ये माउंट व्हर्ननच्या आपल्या चक्कीत ही यंत्रणा बसवून घेतली. मीकलने चक्कीची ताकद सुधारली, एव्हान्सने चक्कीच्या आतले काम बदलले.

यंत्रवेडा

मान्य. पण मग मीकलच्या शिष्यालाही मोजा. जॉन रेनी हा शेजारच्या फँटासी वाडीचा मुलगा, १७६१ चा जन्म. शाळा सोडून तो हूस्टन मिलमध्ये येऊन बसे आणि मीकलकडून यंत्रकाम शिकला. त्यानेच पुढे लंडनच्या ॲल्बियन मिलमध्ये बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या इंजिनांना जोडणारी सगळी यंत्रणा रचली आणि तिच्यात लाकडाऐवजी लोखंडी दंतचक्रे मोठ्या प्रमाणावर वापरली. ही गिरणी १७८६ मध्ये सुरू झाली. वाफेवर चालणारी एवढी मोठी पिठाची गिरणी लंडनने पूर्वी पाहिली नव्हती.

गावठी_गणू

आणि पाच वर्षांत जळाली. १७९१ ची आग. पाणचक्कीवाल्या दळणाऱ्यांनी ती पाहून आनंद व्यक्त केला होता म्हणतात. भाव पाडणाऱ्या गिरणीला आग लागली तर आमच्या पेठेतही कुणी बादली घेऊन धावेल याची खात्री देता येत नाही.

इतिहासाची_मास्तरीण

गणूंचा विनोद आपल्याला धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे घेऊन जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

इंग्लंडमधील धान्यपट्ट्यात कापणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरके. त्यानंतर थंडीत शेतावर दुसरे काम जवळजवळ नसे आणि कोठारात बसून झोडपण्याने मळणी करणे हेच मजुराच्या घरातली चूल पेटती ठेवी. नेपोलियनशी युद्धे चालू होती तोवर माणसे फौजेत, धान्याला भाव चढा आणि मजुरांची टंचाई. त्या काळात मळणी यंत्रे झपाट्याने पसरली आणि फारशी कुरकुर झाली नाही. १८१५ मध्ये युद्ध संपले. सैनिक घरी परतले, भाव कोसळले, मजुरी घसरली आणि गावोगाव धट्टीकट्टी माणसे चर्चच्या हद्दीतून मिळणाऱ्या तुटपुंज्या मदतीवर जगू लागली. यंत्र मात्र कोठारात उभेच होते.

ऑगस्ट १८३० च्या अखेरीस केंट परगण्यात, कँटरबरीच्या आसपास, पहिली यंत्रे फोडली गेली आणि वर्षाच्या शेवटपर्यंत हे लोण दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये पसरले. ‘कॅप्टन स्विंग’ अशी सही केलेली धमकीची पत्रे जमीनदारांना जात; असा कुणी कॅप्टन प्रत्यक्षात नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या जमावांनी माणसांचे जीव जवळजवळ घेतलेच नाहीत. ते मजुरी वाढवून मागत, यंत्र फोडत आणि पुष्कळदा त्याबद्दल बिदागीही मागत. शिक्षा मात्र भयंकर झाल्या. १९ जणांना फाशी दिले गेले आणि सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात काळ्या पाण्यावर पाठवले गेले.

शेतकी_पदवीधर

मास्तरीणबाई, तुमच्या तपशिलाबद्दल आदर आहे, पण दोष यंत्राकडे वळवण्यास माझी हरकत आहे. हेच यंत्र जिथे जन्मले, त्या ईस्ट लोदियनमध्ये असा उद्रेक का झाला नाही? तिथे शेतमजूर वर्षभराच्या करारावर ठेवला जाई आणि त्याच्या मोबदल्याचा मोठा भाग धान्याच्या आणि घराच्या रूपाने मिळे. मळणी यंत्राने झाली म्हणून त्याची हिवाळ्यातली भाकरी जात नसे. शिवाय कोळशाच्या खाणी आणि शहरे माणसे ओढून घेत असल्यामुळे मजूर मुबलक नव्हते. केंटमध्ये आणि सफकमध्ये रोजंदारी होती, मजूर जास्त होते आणि दुसरे काम नव्हते. दोन ठिकाणी एकच ड्रम फिरत होता आणि परिणाम उलटे झाले, तेव्हा कारण ड्रममध्ये शोधू नये.

इतिहासाची_मास्तरीण

मी यंत्राला आरोपी केलेले नाही. परंतु ‘कारण कराराच्या पद्धतीत आहे’ असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. ज्या शेतकऱ्याने दक्षिणेत यंत्र विकत घेतले, त्याला आपल्या मजुराचा करार कसा आहे हे चांगले माहीत होते. यंत्र फोडणाऱ्या जमावात कधी कधी छोटे शेतकरीही सामील होते किंवा त्यांनी आपले यंत्र स्वतःहून पुढे करून दिले, कारण त्यांनाही ते मोठ्या शेतकऱ्याच्या बरोबरीने टिकण्यासाठी नाइलाजाने घ्यावे लागले होते. आणि झालेल्या नुकसानीमुळे कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी यंत्रे पुन्हा बसवायला पुढे बराच काळ घेतला. म्हणजे ते आंदोलन अगदीच वाया गेले नाही.

कृष्णाकाठ

आपल्याकडे खळ्यावर फक्त दाणे आणि भुसा वेगळे होत नसत, तर गावाचे देणेघेणेही तिथेच होई, हे या चर्चेत यायला हवे. सुताराचे, लोहाराचे, चांभाराचे बलुते खळ्यावरच मापून दिले जाई. मागे उरलेले मातेरे कुणाचे, शेतातला सरवा कुणी वेचायचा, हेही ठरलेले असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही, कारण कुणाला माप भरून मिळे आणि कुणाला दारात ताटकळत ठेवत, हे जातीवरून ठरे. पण मळणी जागेवरून हलली की तिच्याभोवतीचे हक्कही हलतात. आता सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरला जोडलेले मळणी यंत्र शेतात येते, पोत्यामागे दर ठरतो, तासाभरात काम आटोपते आणि पोती तिथूनच आडत्याकडे जातात. खळे उरलेच नाही तर तिथे मागायला कोण येणार?

निवांत

खळ्याच्या जागी आता आमच्या गावात क्रिकेटची खेळपट्टी आहे. शेणाने सारवलेली नसली तरी चेंडू उसळत नाही.

डॉक्टर_मावशी

एक विषय राहून गेला आहे. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी बरीच वर्षे काम केले आणि हंगामात मळणी यंत्रात हात गेलेले रुग्ण पाहिले. बहुतेक वेळा संध्याकाळची वेळ, दिवसभराचा शीण, ओलसर पेंढी तोंडात अडकलेली आणि ती आत ढकलण्यासाठी पुढे केलेला हात. एका तरुण बाईचा पदर आधी गेला आणि मागोमाग हात गेला. तिचा नवरा तुटलेली बोटे रुमालात घेऊन आला होता आणि ती परत बसवता येतील का असे विचारत होता. यंत्राच्या तोंडाला लांब पन्हळ असती तर हात ड्रमपर्यंत पोहोचलाच नसता.

इंग्लंडमध्ये ड्रमच्या तोंडाशी उभे राहून पेंढ्या सोडणाऱ्यांचे असेच हाल होत, म्हणून १८७८ मध्ये तिथे खास मळणी यंत्रांसाठी कायदा करून ड्रम आणि त्याचे तोंड झाकणे बंधनकारक करावे लागले. आपल्याकडे धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा १९८३ मध्ये आला आणि त्याचा मुख्य रोख विजेवर किंवा इंजिनवर चालणाऱ्या मळणी यंत्रांवरच होता. मीकलच्या यंत्रापासून मोजले तर इंग्लंडला नव्वदएक वर्षे लागली आणि आपल्याला हरितक्रांतीनंतर दीडएक दशक लागले.

यंत्रवेडा

मावशी, यात एक दुःखद विरोधाभास आहे. मीकलचे खाचेदार रूळ माणसाचा हात ड्रमपासून दूर ठेवत, पण स्वतः रूळच बोटे ओढू शकत. पुढे स्वस्त आणि हलकी यंत्रे करताना अनेकांनी रूळ काढून टाकले आणि पेंढी थेट ड्रमवर सोडण्याची पद्धत आणली. काम वेगाने होऊ लागले आणि हाताची आणि ड्रमची गाठ पडली.

हिशोबनीस

या सगळ्यात मीकलला मिळाले काय, हे कुणी सांगेल का?

माणदेशी_वाचक (धागाकर्ता)

थोडक्यात सांगायचे तर फार नाही. पेटंट इंग्लंडपुरते होते. त्या काळी स्कॉटलंडसाठी वेगळे पेटंट घ्यावे लागे. यंत्राची रचना एकदा पाहिली की कुठल्याही चांगल्या सुताराला जमण्यासारखी होती, त्यामुळे नकला सर्रास झाल्या. सुरुवातीची एक हकीकत तर फारच बोलकी आहे. मीकलचा मुलगा जॉर्ज याने क्लॅकमॅननशायरमधील किलबेगी येथे स्टाइन नावाच्या मोठ्या मद्य उत्पादकाकडे हे यंत्र बसवले, तेव्हा सौदा असा ठरला की सामान स्टाइनने द्यायचे आणि यंत्र नीट चालले तरच मजुरी द्यायची. म्हणजे जोखीम सगळी कारागिराच्या अंगावर. यंत्र चालले, हे मीकल कुटुंबाचे नशीब.

पुढे सर जॉन सिंक्लेअर यांनी पुढाकार घेऊन १८०९ मध्ये वर्गणी काढली आणि १,५०० पौंड जमवून म्हाताऱ्या मीकलला दिले. तेव्हा तो नव्वदीला टेकला होता.

हिशोबनीस

म्हणजे ज्यांनी नक्कल केली त्यांनीच वर्गणी दिली असावी, असा माझा अंदाज.

शेतकी_पदवीधर

अंदाज चुकीचा असला तरी न्याय्य आहे.

गतिचक्र

पंखचक्राबाबतची दुरुस्ती वाचली, धन्यवाद. आता मूळ पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. मेंझीस, स्टर्लिंग आणि किनलॉक यांच्या प्रयत्नांची माहिती मीकलला होती, निदान शेवटच्याची तर नक्कीच होती, कारण ते यंत्र त्याच्याच चक्कीवर मोडले. त्यामुळे ‘कोऱ्या पाटीवर सुचलेली कल्पना’ हा निकष लावला तर तो संशोधक ठरत नाही. पण तो निकष लावला तर वॅटही ठरणार नाही, कारण त्याच्यापुढे न्यूकॉमेनचे इंजिन होतेच. दुसऱ्याचे यंत्र आपल्या डोळ्यांदेखत मोडताना ते का मोडले हे ज्याला दिसते, तोच पुढचे यंत्र करतो. मिलराइटला ते दिसले, याचे कारण त्याचे आयुष्य वेगाने फिरणाऱ्या चाकांजवळ गेले होते. वकिलाला किंवा शेतकऱ्याला दिसले नाही, कारण त्यांच्यापुढे हाताचे झोडपणेच होते.

वऱ्हाडी_बाई

गतिचक्र, शेतकऱ्याला दिसले नाही हे मान्य नाही. वेग आणि जोर यातला फरक उफणणाऱ्या बाईला रोज कळतो. सूप किती उंच धरायचे आणि धार किती बारीक सोडायची हे ती वारा पाहून ठरवते. फक्त तिच्याजवळ पाणचक्की, सुतारशाळा आणि यंत्र मोडले तरी पुन्हा करून पाहण्याइतकी सवड नव्हती. स्टर्लिंग शेतकरीच होता आणि पिंपातल्या फिरत्या हातांपर्यंत तो पोहोचला होताच की.

गतिचक्र

हा मुद्दा बिनतोड आहे. स्टर्लिंगला मी फार लवकर निकालात काढले.

कृष्णाकाठ

एक शंका. आमच्याकडे गव्हाच्या हंगामात पंजाबातून कापणी-मळणीची मोठी यंत्रे येतात. त्यांच्या आत आता मीकलचे काही उरले आहे का?

यंत्रवेडा

पुष्कळ उरले आहे. नेहमीच्या हार्वेस्टरमध्ये समोरून कापलेले पीक वर चढते आणि एका आडव्या ड्रमखाली जाते. ड्रमवर आडव्या, खडबडीत खाचांच्या पोलादी पट्ट्या असतात आणि खाली अर्धगोल जाळी असते. पट्टी आणि जाळी यांच्यातल्या फटीत कणीस सापडते आणि दाणा सुटून जाळीतून खाली पडतो. पुढे काड हलवणारे दाते आणि सर्वांत खाली पंखा. जाळी आणि खाचांच्या पट्ट्या मीकलनंतरच्या लोकांनी आणल्या, पण वेगाने फिरणारा ड्रम, त्याच्यावर पक्क्या बसवलेल्या पट्ट्या, मागे दाते आणि पंखा हा क्रम तोच आहे. अलीकडच्या काही महागड्या यंत्रांत आडव्या ड्रमऐवजी यंत्राच्या लांबीच्या दिशेने बसवलेला लांबट रोटर असतो आणि पीक त्याच्याभोवती मळसूत्रासारखे फिरत मागे जाते. तिथे मात्र मीकलची रचना सुटली. पुढच्या खेपेस हार्वेस्टर आला की चालकाला बाजूचे झाकण उघडायला सांगा आणि ड्रमवरच्या पट्ट्या पाहून घ्या. इंजिन बंद असल्याची आधी खात्री करा, नाहीतर डॉक्टर मावशींकडे यावे लागेल.